गंगाबाईंना नारळ

सत्यजीत सरांना त्यांचं मराठी उत्तम आहे असं ज्याने कोणी सांगितलं, त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. सर आमचे रजिस्ट्रार. आडनाव अस्सल मराठी, पण जन्म, शाळा, कॉलेज सगळं जबलपूरला. माणूस सज्जन, कधी आवाज चढवणार नाही. फक्त मराठीत नोटिसा काढायची भारी हौस. अहो, इंग्रजीत लिहा की, आम्हाला कळतं! पण नाही. त्या हौसेपायी त्यांनी गेल्या जानेवारीत तीन दिवस आमच्या तोंडचं पाणी पळवलं.

सुकापूरच्या पुढे आमचं विद्यापीठ आहे. पाटीवर विद्यापीठ लिहिलंय, रिक्षावाले कॉलेजच म्हणतात, आणि त्यांचं काही फार चुकत नाही. एक इमारत, एक मैदान, एक मुलींचं होस्टेल. मी अरुंधती, त्या होस्टेलची रेक्टर. मुली म्हणतात मॅडमची जीभ तिखट आहे. असू दे.

गंगाबाई नाखवा होस्टेलच्या अटेंडंट. बारा वर्षांपूर्वी होस्टेल उघडलं तेव्हा आम्ही दोघी एकाच आठवड्यात लागलो. त्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. नवरा, आनंदा, होडी घेऊन जायचा आणि गंगाबाई पनवेलच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायच्या. मग खाडीत मासळी मिळेनाशी झाली, होडी विकली, आनंदाचे गुडघे गेले आणि घर यांच्या गळ्यात पडलं. मुलाखतीला मी विचारलं, "काय काय येतं तुम्हाला?"

"मना मानसं वळखाया येतात," त्या म्हणाल्या.

"ते राहू दे. फरशी पुसता येते का?" मी म्हटलं. आता आठवलं की लाज वाटते.

तर जानेवारीतली गोष्ट. सोमवारी साफसफाईच्या एजन्सीची दोन माणसं टेप घेऊन आली आणि कॉरिडॉर मोजून गेली. लगेच कुजबुज सुरू झाली, एप्रिलपासून सगळं काम एजन्सीकडे जाणार आणि एजन्सी पन्नाशीच्या पुढच्या बायका ठेवत नाही. गंगाबाई छप्पन्नच्या. त्यांच्याशिवाय त्या घरात कमावणारं कोणी नाही. मी म्हटलं, अफवा आहे, लक्ष देऊ नका. बुधवारी दुपारी स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांचा मेसेज आला.

"शनिवारी विद्यापीठाचा वर्धापन दिन आहे. त्या दिवशी श्रीमती गंगाबाई नाखवा यांना समारंभपूर्वक नारळ देण्याचे निश्चित केले आहे. सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे."

नारळ दिला म्हणजे काय, हे पनवेलमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कामावरून काढलं, आता चालू पडा. तेही समारंभपूर्वक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर त्याच सकाळी कसल्याशा मीटिंगला दिल्लीला गेले होते. मी तडक फोन लावला.

"सर, गंगाबाईंचं नक्की ठरलंय का?"

"एकदम पक्कं! त्यांचं नाव मीच सुचवलं. बारा वर्षं झाली मॅडम, हे आधीच व्हायला पाहिजे होतं. त्यांच्या मिस्टरांनाही बोलवा, फोटो काढू."

मी फोन कट केला. आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांचा फोन मधेच कट केला, आणि मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

गंगाबाईंपर्यंत बातमी माझ्या आधीच पोचली होती. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, बादली बाजूला. मी फोनवरचं बोलणं सांगितलं. लपवून काय उपयोग होता?

"फोटू पन काढनार?" त्या म्हणाल्या. "खाडीनं सोडलं तवा वाईट वाटलं नाय मॅडम. खाडी काय कुनाची? पन हितं मना वाटलं व्हतं, आपलं हाय."

मी एजन्सीला, रजिस्ट्रारला, त्यांच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं? आता वही घ्या. शनिवारच्या आत सांगाया पायजे."

काय सांगायचंय ते मला कळलं नाही. वाटलं, चाव्या, फिनेल, गळके नळ. वही घेऊन बसले.

"पयली ती दुसऱ्या मजल्यावरची भाविका. मेसमदी ताट घेते, पन जेवत नाय. परीक्षा जवळ आली की भात उष्ट्याच्या डब्यात जातो. तिला वरडू नका. मी डब्याशी उभी ऱ्हाते नुसती, मंग खाते."

मी लिहीत होते.

"किशोरीला रविवारी घरून फोन येतो. बाप दारू पिऊन बोलतो कायबी. फोन झाला की तिला एकटी सोडू नका. कांदं सोलाया बसवा. रडली तरी कुनी इचारत नाय."

मी लिहायची थांबले. किशोरी आमची टॉपर. हसतमुख म्हणून मी तिचं उदाहरण सगळ्यांना देते. रविवारी संध्याकाळी ती मेसमध्ये कांदे सोलते हे मी पाहिलेलं होतं, आणि मला वाटायचं, किती कामसू मुलगी आहे!

"ल्ह्या मॅडम. आभा गप बसली तर बरी हाय. लय बडबड कराया लागली की कपाळाला हात लावा, ताप असनार. आनि ती आसामची पोरगी. तिला मराठी येत नाय, मना तिची भाषा येत नाय. पन सुकट भाजली की वासावर येते आनि बसते. तिच्या घरी पन तसलंच काय करत असतील. म्हैन्यात एकदा भाजायची. वास आला म्हनून तुमी मना मेमो दिला व्हता बगा, तेच."

दिला होता. दोन दिले होते.

"हे सगळं तुम्हाला कसं कळतं हो?" मी विचारलं.

"बाजारात वीस वर्सं बसले. गिऱ्हाईक मासळीचं डोळं बगतं, मी गिऱ्हाइकाचं."

माझ्याकडे होस्टेलचे आठ कॅमेरे आहेत, अंगठ्याचं मशीन आहे, मुलींचे फॉर्म भरलेल्या फायली आहेत. बारा वर्षांत मला यातलं काही कळलं नव्हतं. चार पानं भरली. शेवटी त्या म्हणाल्या, "आनि तुमी."

"मी काय?"

"तुमी चिडलाव की समजायचं, जेवल्या नाय. कुनीतरी ताट आनून द्याया पायजे. त्ये बी ल्ह्या, नव्या बाईला कळंल."

मी चिडले. खरंच जेवले नव्हते.

शुक्रवारी मी दोन कागद तयार केले. एकावर सगळ्या मुलींच्या सह्या. दुसरा माझा राजीनामा. गंगाबाई गेल्या तर मी या वास्तूत राहणार नव्हते, हे मी घरी सांगूनही टाकलं. मिस्टर म्हणाले, "विचार कर." म्हटलं, करून झालाय.

शनिवारी हॉल गच्च भरला. गंगाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, अबोलीचा वळेसर माळून आल्या. आनंदा काठी टेकत मागून. "जायचं तर रडत नाय जायाची," त्या मला म्हणाल्या आणि ताठ मानेने स्टेजवर चढल्या. सत्यजीत सर दिल्लीहून थेट आलेले, चेहऱ्यावर हे एवढं हसू. मला त्या हसण्याचा इतका राग आला!

त्यांनी शाल पांघरवली. गंगाबाईंनी पांघरू दिली. मग सरांनी नारळ पुढे केला, आणि गंगाबाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"पयलं सांगा सायेब. माजं काय चुकलं?"

सर नारळ धरून तसेच उभे. "चुकलं? काहीच नाही. आपलं काम उत्तम आहे, म्हणून तर नारळ देतोय."

मागून मुलींनी हुर्यो केली. मला राहवेना. पर्समधून दोन्ही कागद काढले, स्टेजवर गेले आणि सरळ माइकवर म्हटलं, "सर, हाकलायचंच आहे तर ऑफिसात बोलावून हाकला! वर फोटो कसले काढता?"

"हाकलायचं? कुणाला?"

"मग नारळ कशाला देताय?"

"सत्कार आहे मॅडम! सत्काराला नारळच देतात ना?"

"त्याला श्रीफळ म्हणतात हो, श्रीफळ!" मी ओरडले. माइक चालूच होता.

मग पहिल्या रांगेतले कुलगुरूच हसायला लागले आणि पाठोपाठ अख्खा हॉल. सरांना कोणीतरी कानात अर्थ सांगितला. बिचारे पांढरेफटक पडले. "अरे देवा," म्हणाले, "आणि मी मिस्टरांनाही बोलवा म्हटलं!" एजन्सीचं विचारलं तर ती फक्त ऑफिसच्या इमारतीपुरती. होस्टेलला हात लावायचा नाही असं त्यांनी स्वतः लिहून दिलं होतं. ती नोट इंग्रजीत होती, म्हणून बरोबर असणार. मी स्टेजच्या पायरीवर बसकण मारली आणि राजीनाम्याचे चार तुकडे केले.

एकट्या गंगाबाई हसत नव्हत्या. "म्हंजे सोमवारी कामाला यायचं ना?" त्यांनी विचारलं.

सरांनी हात जोडले. "आपण आला नाहीत तर होस्टेल चालणार कसं?"

तेव्हा कुठे त्यांनी नारळ हातात घेतला. हलवून पाहिला. मग शाल खांद्यावर टाकून तरातरा हॉलच्या दाराशी गेल्या, सर मागोमाग, आणि उंबऱ्याबाहेरच्या दगडावर असा आपटला की पाणी सरांच्या बुटांवर उडालं. "मी घरात नाय न्यायची हा," म्हणाल्या. करवंटीतून खोबरं काढून त्यांनी पहिला तुकडा आनंदाला दिला. तीन दिवसांत त्याने अन्न धड खाल्लं नव्हतं. तो तिथेच काठीला धरून उभ्याउभ्या चावत राहिला, आणि डोळे पुसत राहिला. मग मुलींची झुंबड उडाली.

सर बाजूला अपराध्यासारखे उभे होते. गंगाबाईंनी त्यांच्या तळहातावर एक तुकडा ठेवला.

"खावा, सायेब. पुढल्या वर्सी मातुर पेढं द्या."

पुढल्या वर्षी. भर हॉलमध्ये, सगळ्या मुलींसमोर, मी हुंदके देऊन रडले.