बिगुलवाल्याला उठवणारी

चिंचेने घासलेल्या पितळेला एक आंबूस, थंडगार वास असतो. माळव्यातल्या हिवाळी पहाटे, गिरणीचा भोंगा अजून व्हायचा असताना, मोरीवरून तो वास घरात शिरतो आणि अर्धवट झोपेतही मला कळते, की आई उठली, तिने बंबात पाणी चढवले आणि आता ती बाबांचा बिगुल घासायला बसली आहे. तांब्या, पातेली आणि बिगुल, ही आमच्या घरची पितळी भांडी! हसायचे तर खुशाल हसा. मला त्यांचा अभिमान आहे, आणि तो का आहे हे आज जरा ऐसपैस बसून तुम्हाला सांगणार आहे.

बाबा इंदूरच्या महाराजांच्या फौजेत बिगुलवाले जमादार होते. नगरकडून ख्रिस्ताचे नाव आणि एक घोंगडी एवढेच घेऊन इंदुरात आलेले आमचे पणजोबा याच फौजेत शिरले, आणि तेव्हापासून आमच्या घराण्यात उपासनेची घंटा व छावणीचा बिगुल हे दोन्ही नाद एकाच श्रद्धेने ऐकले गेले. छावणीत रोज दोन धुना महत्त्वाच्या. सांजेची धून वाजली, की दिवस संपला, शस्त्रे खाली, निजा. पहाटेची धून वाजली, की उठा. आणि शिपाई गेला, त्याचे दफन झाले, की कबरीशी या दोन्ही धुना लागोपाठ वाजत. आधी सांजेची, मग थोडी स्तब्धता, आणि मग, मातीचा ओला वास अजून हवेत असतानाच, पहाटेची. किती विलक्षण रीत ही! ज्याला आत्ताच निजवले त्यालाच त्याच श्वासात उठायला सांगायचे! फौजेतल्या कित्येकांना तो नुसता शिरस्ता वाटे. बाबांना त्यात सारे शुभवर्तमान ऐकू येई.

आता गंमत ऐका. सबंध छावणीला जागे करणारा हा माणूस स्वतः मात्र कुंभकर्ण होता. बिगुलवाल्यासाठी कोण बिगुल वाजवणार? ते काम आईचे. हातातली फुंकणी तशीच घेऊन ती दारात उभी राही आणि म्हणे, “अहो, उठा. उजाडलं.” आवाज चढवायची नाही, गोंजारायची नाही. दूध उतू जातंय हे जसे सांगावे तसे सांगायची आणि वळून चुलीपाशी जायची. बाबा धडपडत उठत, आणि थोड्याच वेळात सारी छावणी उठे. आई कधीकधी आम्हाला ऐकवायची, “तुमच्या महाराजांची फौज कोण उठवतं, ठाऊक आहे का? मी उठवते!” आम्ही हसायचो, पण ती खरेच सांगत होती.

पुढे संस्थाने विलीन झाली, मध्यभारत हे नवे राज्य आले, फौज मोडली. वाद्ये सरकारजमा झाली. पोचा आल्यामुळे आधीच बाद ठरलेला एक बिगुल तेवढा बाबांना घरी आणता आला. तुरा लावून मिरवणुकीच्या अग्रभागी चालणारे माझे बाबा पोलोग्राउंडवरच्या एका कारखान्याच्या फाटकावर स्टुलावर बसू लागले. आतून त्यांचे काय होत असेल? पहिल्या दिवशी खाकी कोट चढवताना त्यांचा चेहरा मी पाहिला होता. पण संध्याकाळी ते परतले, हातपाय धुतले, अंगणात उभे राहून त्यांनी सांजेची धून वाजवली आणि आईला म्हणाले, “चला, जमादार मेला. उद्या चौकीदार उठेल.” आपला वधस्तंभ रोज उचलायचा असतो हे उपदेशातून मी पुष्कळदा ऐकले होते, तो उचलल्यावर माणूस कसा दिसतो, हे मी त्या संध्याकाळी अंगणात पाहिले.

तेव्हापासून दोन्ही धुना रोज अंगणात वाजू लागल्या. शेजारचे मानेकाका घोडदळातले जुने स्वार, मिशीला पीळ देणारे, पक्के मराठा. पहिले काही दिवस ते भिंतीवरून बाबांना आपल्या इंदुरी हिंदी-मराठीत ओरडत, “भिया, फौज गेली, महाराज गेले, अब तो झोपू द्या की!” मग एकदा बाबांना ताप भरला आणि पहाट मुकीच गेली. ऊन वर आल्यावर मानेकाका डोळे चोळत दारात हजर. म्हणाले, “क्या भिया, आज सुबह झालीच नाही का?” बाबा तापातही इतके हसले, की आईने त्यांना आणि मानेकाकांना दोघांनाही दटावले.

बाबांचा विश्वास पोथीतला नव्हता, वापरातला होता. पुनरुत्थान म्हणजे फार दूरची, आकाशात घडायची गोष्ट असे ज्यांना वाटे त्यांची त्यांना कीव येई. ते म्हणत, प्रभूकडे बघा ना! मेलेल्या मुलीपाशी लोक रडत होते, तर ती निजली आहे असे म्हणून तो तिचा हात धरतो आणि घरातल्या माणसाने उठवावे तसे उठवतो. स्वतः मरणातून उठल्यावर राजवाड्यात जात नाही. तळ्याकाठी कोळसे पेटवतो, मासे भाजतो आणि थकलेल्या मित्रांना न्याहारीला बोलावतो. एवढे सांगून बाबा आईकडे वळत आणि विचारत, मग आमची न्याहारी कुठाय? आई म्हणे, “आधी तोंड धुवा.” या थट्टेतच त्यांनी आपली एकुलती एक इच्छा सांगून ठेवली होती, अनेकदा, आणि शेवटच्या आजारात पुन्हा, अजिबात थट्टा न करता. “मला निम्मं वाजवून पुरू नका. दुसरी धून झाल्याशिवाय कोणी हलायचं नाही.”

गेल्या वर्षी बाबा गेले. धुना माझ्या भावाला, दादाला, त्यांनीच शिकवल्या होत्या. उन्हे कलताना कबरस्तानात पेटी खाली उतरली, पाळकांची प्रार्थना झाली, आणि दादाने सांजेची धून वाजवली. इतकी निर्मळ, की झाडावरचे पोपटसुद्धा गप्प झाले. मग स्तब्धता. मग दादाने पुन्हा बिगुल ओठांना लावला आणि काहीच आले नाही. बिगुलाला बटणे नसतात हो, सारे सूर ओठांनीच घडवायचे असतात, आणि रडणारे ओठ आवळले जात नाहीत! त्याने पुन्हा प्रयत्न केला. एक फाटका फुसकारा निघाला. त्याने मान हलवली. मंडळी चुळबुळू लागली. पाळकांनी हळूच मूठभर माती उचलली. निम्मे! बाबांना आपण निम्मेच पुरणार!

तेव्हा आई पुढे झाली. पदर सारखा करून ती कबरीच्या अगदी कडेला उभी राहिली, खाली वाकून पाहिले, आणि रोजच्या त्याच आवाजात, किंचित वैतागून म्हणाली, “अहो, उठा. उजाडलं.”

समोर सूर्य मावळत होता. कोणीतरी मागे कुजबुजले, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला. परिणाम कसला, कपाळ! त्या साऱ्या जमावात शुद्धीवर असलेली ती एकटीच होती. आम्ही सगळे सूर शोधत होतो आणि ती अर्थ घेऊन उभी होती. पाळकांच्या हातातली माती तशीच राहिली. आणि मानेकाका, ज्यांनी उभ्या जन्मात आमच्या देवळाची पायरी चढली नव्हती, टाचा जुळवून ताठ झाले, त्यांचा हात सर्रकन पगडीशी गेला. परतताना आईला म्हणाले, “वहिनी, हुकूम झाला. आता भिया उठणारच.” मी रडत होते आणि माझी मान मात्र ताठ होती. अशा बाईच्या पोटी मी जन्मले! केवढा हा अभिमान, कुठे ठेवू मी तो!

शाळेत मी मुलींना शिकवते. मला शंका येत नाहीत असे नाही. मृत्यूनंतर काय, हा प्रश्न पुस्तके घेऊन बसले की अधिकच गडद होतो. पण विश्वास म्हणजे उत्तर पाठ असणे थोडेच? जी हाक जन्मभर चुलीपाशी दिली, तीच कबरीपाशीही देता येणे, आणि त्यासाठी आवाज बदलावा न लागणे, याहून मोठा विश्वास मला ठाऊक नाही. आता लोक म्हणतात, हा मध्यभारतही जाणार, नवे मोठे राज्य होणार. जाऊ दे की! जाण्याची भीती आमच्या घरात कोणी बाळगत नाही.

दादाचे ओठ सावरले आहेत. पहाटे अंगणात तो वाजवतो, आणि भिंतीपलीकडे मानेकाका खोकून हजेरी देतात. पण त्याच्याही आधी, मोरीवरून तो आंबूस वास येतो, बिगुल घासून होतो, आणि आई माझ्या दारात उभी राहते. “ऊठ गं. उजाडलं.” पूर्वी मी पांघरूण डोक्यावर ओढून घेत असे. आता तत्क्षणी उठते. ज्या हाकेवर माझ्या बाबांना उठायचे आहे, त्या हाकेला मी कूस बदलून उत्तर देऊ?