कंडक्टरच्या मनगटावरचा पट्टा

बसवर होता तोवर हा कंडक्टर मुक्यालाही बोलतं करायचा. रोजच्या प्रवाशांची लग्नं, दुखणी, भांडणं त्याला तोंडपाठ. घरी आला की दिवसभराच्या फेऱ्या बायकोपुढे पुन्हा एकदा. भाजी करपायची, पण गोष्ट संपायची नाही. "तोंडाला जरा ब्रेक लावा हो," असं ती म्हणायची. आता ते आठवलं की तिला भरून येई.

निवृत्तीनंतर त्याचं बोलणं आटत गेलं. आधी मित्रांचे फोन घेईना, मग बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसे. हाक मारली तर जेवायला येई, ताट उचलून ठेवी. भांडतसुद्धा नसे.

इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी समजावलं, "विसरभोळेपणाच्या आजारात माणसं अशी मिटतात, मनाच्या आजारातही मिटतात. आजार वेगळे, पण माणसांपासून दूर जाणं सारखंच. त्याची खूण रक्तात, मेंदूत सापडते का, ते आम्ही शोधतोय."

"मग हे परत बोलतील का?"

"आत्ताच नाही सांगता येणार."

त्याचं रक्त घेतलं, डोक्याला तारांची टोपी घातली आणि मनगटावर एक पट्टा बांधला. माणूस किती फिरतो, त्याच्या आसपास किती बोलणं होतं, ते हा पट्टा टिपणार.

बायकोला पुढचं सगळं दिसायला लागलं. हा दिवसभर खिडकीशी बसणार, पट्टा ते इमानाने सांगणार, आणि डॉक्टरबाई म्हणणार, आता आशा नको. एका सकाळी त्याने अंघोळीला काढून ठेवलेला पट्टा तिने सरळ आपल्या हातात अडकवला. बाजारात घासाघीस केली, बहिणीकडे दुपारभर गप्पा ठोकल्या, संध्याकाळी पट्टा परत त्याच्या हातात. मग ते रोजचंच झालं. त्याला कुठे काय कळतंय, असं तिला वाटे. गर्दीतून चालताना वाटे, पट्टा सांगतोय तसा हा खरंच बरोबर असता तर. एकदा ती शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून बोललीही. एक दुकानदार टकामका बघत राहिला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाई खूश होत्या. "रक्तात फारसा फरक नाही, पण काका आता छान माणसांत मिसळतात की. कुठे कुठे जाता काका?"

बायको पिशवीचा बंद पिळत बसली. कंडक्टरने पट्ट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"माझ्या तिकिटावर ही फिरते," तो म्हणाला.

कित्येक महिन्यांतलं त्याचं हे पहिलं धड वाक्य, तेही बायकोची चोरी पकडणारं, थेट जुन्या थाटात. ती ओशाळली, हसली, आणि मग तिला रडू आवरेना. तिने सगळं कबूल केलं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "ही माहिती मात्र वाया गेली. पुन्हा पहिल्यापासून करू. या वेळी पट्टा त्यांच्याच हातावर राहू दे, काकू. खरं काय ते कळायला हवं."

घरी आल्यावर तिने त्याच्या मनगटावरचा पट्टा नीट घट्ट केला. "अहो, मघाशी काय म्हणालात? परत म्हणा ना."

तो खिडकीबाहेर बघत होता. तिने स्टूल ओढलं, त्याच्या शेजारी बसली आणि येतानाच्या बसची गोष्ट सांगायला लागली. कोण कुठे चढलं, कोण कशावरून भांडलं, कोण कुठे उतरलं. पट्ट्याला त्या दुपारी एकाच माणसाचं बोलणं ऐकू आलं असेल. ती मात्र गोष्टीतल्या प्रत्येक थांब्याला गप्प होत होती, तो काही म्हणेल म्हणून.