यानवाल्यासाठी लावलेला प्रसाद

मालिकेचा शेवट नीट केला नाही म्हणून कोणी कुरकुरलं की माझं डोकं फिरतं. तुमच्या चार संध्याकाळी फुकट गेल्या, एवढंच ना? माझ्या आईचं काय गेलं, ते मी पाहिलंय.

माझा थोरला भाऊ सुर्ल्याला खाणीच्या मालाचा ट्रक चालवायचा. खाण बंद पडली तसा तो परराज्यात ट्रकवर गेला. काही महिने फोन यायचा, मग नंबरच बंद झाला. पोलिसांत कळवलं, ओळखीच्या ड्रायव्हरांना विचारलं, कुठेच पत्ता लागला नाही. धारगळच्या घरात आई आणि मी, दोघीच उरलो.

संध्याकाळी चहा आणि उंडो पाव घेऊन आई टीव्हीसमोर बसायची. त्यात तिला एका अंतराळातल्या मालिकेची गोडी लागली. तिच्यात एक तरुण छोटं यान घेऊन एकटाच बाहेर पडतो आणि त्याचा संपर्क तुटतो. पुढच्या भागांत बाकीचे आपापसात भांडत बसले, त्याचं कोणी नावही काढेना. आईचा जीव वर-खाली व्हायचा.

"आणि तो खंय गेलो गो? तेका कोण शोधतत तरी?"

"आये, गप बघ. येतलो फुडल्या भागात," मी म्हणायची.

एका सोमवारी ती मला देवळात घेऊन गेली. आमच्याकडे काही अडलं की देवाला प्रसाद लावतात. भटजी मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मला वाटलं, अखेर भावाचं विचारणार. तर आई भटजींना म्हणाली, "एक पोरगो यान घेवन गेलो हा. तो परत येतलो काय नाय, तां विचारा."

मी लाजेनं मेले. भटजींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि बिचाऱ्यांनी तसंच गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी पडली. आईनं ती पदराच्या टोकाला बांधली. घरी येईपर्यंत ती माझ्याशी भरभरून बोलत होती. भाऊ गेल्यापासून तशी बोलली नव्हती.

मग मालिका मध्येच बंद झाली. मी मोबाईलवर शोधलं, पुढचे भाग बनणारच नव्हते. आईला सांगायचं टाळत राहिले. ती रोज त्या वेळेला टीव्ही लावून विचारायची, कधी सुरू होतली? एकदा दुकानातल्या कामावरून दमून आले होते, तेव्हा माझा तोल गेला.

"येवचो नाय तो. मालिकाच बंद पडली, आता तेका कोण परत हाडतलो? टीव्हीतल्या माणसासाठी प्रसाद लावतंस, पोटच्या झिलासाठी एकदा तरी लावलंस?"

आईनं टीव्ही बंद केला. बराच वेळ ती पदराची गाठ चाचपत राहिली.

"तेची डावी पडली आसती तर?" ती म्हणाली.

त्यानंतर ती टीव्हीसमोर कधी बसली नाही. तिला जाऊन आता वर्ष होईल. भावाचा अजून पत्ता नाही. परवा नारळ ठेवायला देवळात गेले, तर भटजींनी आपणहून विचारलं, "भावासाठी प्रसाद लावूया काय?" त्यांनी पाकळ्या पाण्यात बुडवल्यासुद्धा होत्या.

आईवर ओरडणारी मीच ती. नको म्हटलं आणि घरी आले.