इंगळे सर आणि चार चंद्रांचा ग्रह

इंगळे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते बुलढाण्याकडच्या धाड या गावच्या आठवडी बाजारात. शाळेत मराठी शिकवायला रुजू होण्यासाठी नुकताच एसटीतून उतरलो होतो. लिंबांच्या ढिगापुढे बसून एक गृहस्थ एकेक लिंबू दुसऱ्याशी ताडून पाहत होते. विकणाऱ्या बाई वैतागल्या, "मास्तर, लिंबं घेऊन राह्यले का त्यायचं लग्न जमवून राह्यले?" दुसऱ्या दिवशी तीच लिंबे विज्ञानाच्या तासाला एका टरबुजाभोवती फिरत होती. आपण कुठे येऊन पडलो, ते मला कळेना. सरांबाबतचा माझा हा गोंधळ त्यांच्या षष्ट्यब्दीपर्यंत टिकून आहे.

एका ग्रहाभोवती अनेक चंद्र टिकतील का, हा सरांचा लाडका प्रश्न. नववीतल्या रोशनीने विज्ञान प्रदर्शनासाठी चार चंद्रांचा ग्रह केला. परीक्षक म्हणाले, "इतके चंद्र एकमेकांवर आदळतील. मॉडेल चुकीचे आहे." सर उठले. "गुरूला तर कितीतरी चंद्र आहेत, साहेब. पुरेसे अंतर असले की टिकतात." परीक्षकांनी मान्य केले. पहिला क्रमांक रोशनीचाच, असे आम्ही धरून चाललो. तेवढ्यात सर मॉडेलवर वाकले आणि म्हणाले, "पण आमचे हे दोन चंद्र फारच जवळ आहेत. एकमेकांना ओढून कक्षा बिघडवतील. मॉडेल चुकलेच आहे."

क्रमांक गेला. रोशनीचे वडील संतापले, "सर, पोरीचा नंबर येऊन राह्यला होता. तुमी काऊन बोलले?"

"मले दिसलं, भाऊ. दिसल्यावर चूप कसा राहू?"

परतताना जीपमध्ये मी विचारले, "सर, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" सर बाहेर पाहत म्हणाले, "तेच तर मले समजून नाही राह्यलं."

रोशनी त्यांच्याशी बोलेनाशी झाली. रविवारी सर मला घेऊन तिच्या घरी गेले. तिला म्हणाले, "बाई, खरं बोललो त्याचं वाईट नाही वाटत. पण ते मी शाळेतच पाहाले पाह्यजे होतं. चूक माही."

मग रोशनीने विचारले, "मंग त्या चंद्राले किती लांब ठेवू?"

"पक्कं मले बी माहीत नाही. दोघं मिळून पाहू."

ती उन्हाळ्याची सुटी दोघांनी शाळेच्या संगणकावर घालवली. चंद्र जवळ आणले की एकमेकांच्या कक्षा बिघडवत. फार लांब नेले की सूर्य बाहेरच्याला पळवून नेई. त्यात सरांनी सांगितले, की गुरूचे तीन चंद्र एकमेकांच्या ओढीनेच तालात राहतात. मी विचारले, "म्हणजे ओढ मोडते की जोडते?" सर म्हणाले, "दोन्ही." रोशनी खुदकन हसली. आज ती बुलढाण्याच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकते आहे. गेल्या दिवाळीत तिनेही मला हे समजावून पाहिले.

सर, मला अजून समजलेले नाही. ते समजेपर्यंत समजावत राहण्याइतके आयुष्य आपल्याला लाभो, प्रकृती ठणठणीत राहो. आणि मी फार मंद विद्यार्थी आहे, हे आपण जाणताच.