चांगले ठेवले, खराब भिजवले

उदगीरच्या वीरण्णा शेटजींच्या कापडदुकानात माणिकप्पा कामाला होता. माल आणायला मुंबईला तोच जायचा. एकदा तिथं फुटपाथवर एका दाढीवाल्या पोरानं हातात कागद कोंबला. गिरणीच्या सेलचं हँडबिल असेल म्हणून यानं घेतला, वाचला, अन् दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला!

तो काळच तसा होता बघा. बंडखोर पोरं स्वतःच कविता लिहायची, स्वतःच सायक्लोस्टाइलवर काढायची, वाटायची. शाई मुद्दाम फासलेली, ओळी मुद्दाम वाकड्या. एका अंकावर किमतीच्या जागी ‘वाचा आणि फाडा’ असं छापलेलं. माणिकप्पानं वाचला, फाडायला मात्र जीव धजला नाही. मग चित्रप्रदर्शनांची आमंत्रणं आली, मोर्च्यांची पत्रकं आली. घरी एक पत्र्याची पेटी भरली.

"लोक मुंबईहून नट्यांचे फोटो आणतेत," शेटजी म्हणायचे, "अन् आमचा माणिकप्पा रस्त्याचा केर आणतो!"

दुकान हसायचं. माणिकप्पाही हसायचा, पण तोंडातल्या तोंडात.

बहात्तरच्या दुष्काळात घरातली तांब्याची भांडी गेली, बायकोच्या, नीलाबाईच्या पाटल्या गेल्या. रद्दीवाला आला तेव्हा मात्र हा पेटीवर मांडी ठोकून बसला. नीलाबाईनं चुलीला गवऱ्या लावल्या, पण त्या पेटीतला एक कागद कधी पेटवला नाही.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. काय तो उत्साह! लातुरात नव्या जिल्ह्याचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. कॉलेजचे मन्मथ सर पँटचं कापड घ्यायला आले, अन् माणिकप्पाच्या खिशातला एक अंक बघून कापड विसरले.

"अहो मामा, हे आता मुंबईतही मिळायचं नाही. प्रदर्शनात एक अख्खी भिंत तुमची!"

जन्मभर येडा म्हणवून घेतलेल्या माणसाला भिंत मिळाली. ही गोष्ट त्यानं घरीसुद्धा सांगितली नाही. नीलाबाईनं एकदम भिंतच बघावी, असं त्याच्या मनात.

त्याच प्रदर्शनात बायकांच्या हस्तकलेचाही विभाग होता. एका सकाळी हा दुकानाला निघालेला, चप्पल पायात, तेवढ्यात नीलाबाईनं विचारलं,

"अवो, पेटीतले खराब कागद घेऊ का? टोपलं करावं म्हनते."

पेटीच्या तळाला जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली होती. त्याला वाटलं, तीच.

"घे की."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यानं पेटी उघडली. वर गुळगुळीत रंगीत आमंत्रणं, नीट रचून ठेवलेली. खाली पत्रा.

"नीला, बाकीचे?"

"चांगले समदे ठेवले की!" ती कौतुकानं म्हणाली. "शाई फासलेले, वाकडे छापलेले, तेवढेच भिजवले. मेथ्या घालून कुटले. बघा, घागरीवर थापलंय, कसं टणक झालंय!"

माणिकप्पा टोपल्याकडं बघत राहिला. करड्या रंगाचं, गुळगुळीत, कुठं एक अक्षर शिल्लक नव्हतं.

टोपल्याला पहिला नंबर मिळाला. टाळ्या वाजल्या, नीलाबाईला स्टीलचा डबा मिळाला. मन्मथ सर गर्दीतून वाट काढत आले.

"मामा, भिंत रिकामी! कागद कुठायत?"

"दुष्काळात गेले," माणिकप्पा म्हणाला.

सरांनी मान हलवली. आपल्याकडं दुष्काळ म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही. पण नीलाबाई शेजारीच उभी होती, अन् दुष्काळात काय गेलं, काय राहिलं, हे तिच्याएवढं कोणाला ठाऊक होतं? तिच्या हातातला डबा खाली आला.

एस.टी.त बसल्यावर तिनं तो डबा सीटखाली सरकवून ठेवला. पुढच्या महिन्यात तो मुंबईला निघाला, तेव्हा दारात येऊन हळूच म्हणाली,

"त्या पोरांचे कागद मिळतेत का बघा. दोन-चार तरी आणा."

माणिकप्पानं पिशवी खांद्याला लावली.

"काहून? आनिक टोपली करायची हाय का?"