धुरा नेमका कुठे होता?

नाशकाहून हाडं खिळखिळी करून घेत रिसोडच्या स्टँडवर उतरलो. घ्यायला आलेल्या मामांनी पाया पडायला धड वाकूही दिलं नाही. "फोन चार्ज हाये ना तुहा?" एवढंच विचारून त्यांनी मोटरसायकलला किक मारली. पाहुणा म्हणून निघालेला मी इथे फोटोग्राफर होतो, हे वाटेत कळलं.

प्रकरण असं होतं. पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि मामांचं वावर (शेत) आणि शेजारच्या उत्तमरावांचं वावर यांच्यामधला धुरा (बांध) वाहून गेला. तो पुन्हा घालायला सरकार मदत देणार होतं. मात्र दोघांनी हद्दीवर एकत्र उभं राहून 'धुरा इथेच होता' असं सांगायचं आणि तसा फोटो द्यायचा. नाही जमलं तर मदत दोघांनाही नाही, आणि पुढच्या पावसात उरलेली मातीही नाल्यात. अडचण एकच होती. याच धुऱ्यावरून भांडून मामा आणि उत्तमराव कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

वावरात पाय ठेवताच काळ्या चिखलाने माझी एक चप्पल गिळली. ती काही परत मिळाली नाही. कृषी सहायक मॅडम आधीच येऊन थांबल्या होत्या. मामा उत्तमरावांच्या बाजूला सरकून उभे राहिले. उत्तमराव त्याहून जास्त मामांच्या बाजूला.

"मॅडम, त्यायले सांगा, थे माह्या वावरात उभे हायेत," मामा म्हणाले.

"मॅडम, त्यायले सांगा, थे सपन पाहून राह्यले," उत्तमराव म्हणाले.

दोघांना एका फोटोत बसवायला मी मागे सरकत सरकत नाल्यात पडता पडता राहिलो.

"ठरत नसन, तर वाद हाये म्हनून लिहू काय?" मॅडमनी विचारलं. दोघांचे चेहरे उतरले, पण हलला कोणीच नाही. मला दोघांचाही मनस्वी राग आला.

तेवढ्यात मामी भाकरीची टोपली घेऊन आली. मागून उत्तमरावांच्या पत्नी शांताबाई आल्या. मामीने टोपली उतरवली आणि सरळ मधोमध फतकल मारली. शांताबाईही तिला खेटून बसल्या. मग दोघी समोर दूरवर बघत बसल्या बसल्याच जरा डावीकडे सरकल्या, जरा उजवीकडे.

"शांते, मारोतीच्या देवळाचा कळस विजेच्या खांबाच्या रेषेत आला काय?"

"आला वं."

"मॅडम, हाच धुरा. लिहा."

मामा बघतच राहिले. "तुले कसं मालूम?"

"रोज दुपारी इथंच तं जेवतो आमी. भांडन तुमचं होतं."

मामांच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. "मंग थे कैरीचं लोनचं?"

"शांताचंच."

इतकी वर्षं मामांनी ज्या लोणच्याची तारीफ करत भाकरी हाणली, ते दुश्मनाच्या घरचं निघालं. उत्तमराव हसणार होते, पण शांताबाई म्हणाल्या, "तुमी खाता थो ठेचा कोनाचा, थेही इचारा." त्यांचं हसू जागीच विरलं.

फोटोसाठी उठायला दोघी तयार होईनात. "आमी उठलो का हे पुन्हा सरकतीन," मामी म्हणाली. म्हणून त्या फोटोत दोन पुरुष तोंडं फिरवून ताठ उभे आहेत आणि मधे दोघी जेवायला बसल्या आहेत.

परतीच्या एसटीत मांडीवर लोणच्याची बरणी होती आणि पायात मामांच्या ढगळ चपला. फोटो पाहून मी एकटाच हसत होतो. हद्दीवर इतकं निवांत जेवता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

परवा मामीचा फोन आला. मी धुऱ्याचं विचारलं.

"झाला ना, चांगला पक्का झाला. पन आमाले आता बसाले जागा नाई रे. दुपार झाली का हे दोघंच जाऊन बसते."