धबधब्याजवळचा कणीसवाला

सोमेश्वरच्या धबधब्यापाशी कणसं भाजणाऱ्याने डोळ्यांची हयगय केली, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे.

माझे दात गेलेले, म्हणून न सांगता तो मला दाणे सोलून द्यायचा. बोलणं संपवताना म्हणायचा, "खरं ना, गुरुजी?"

एकदा त्याने डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. "कॅटरॅक्ट लिवलंय. म्हंजी काय?"

"मोतीबिंदू," मी म्हणालो, आणि माझ्यातला इंग्रजीचा मास्तर सुटलाच. इंग्रजीत धबधब्यालाही 'कॅटरॅक्ट' हाच शब्द. मूळ ग्रीक, वरून कोसळणारं ते. किल्ल्याच्या दारात वरून सोडायच्या जाळीलाही तेच नाव होतं. तशीच जाळी डोळ्यावर उतरते, म्हणून हा आजार.

तो हरखून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "ऑपरेशनला संगं माणूस लागतो. मला कोणी नाय. तुम्ही याल?"

"बघू," म्हणालो, आणि दुसऱ्या दिवसापासून फिरायची वाट बदलली.

दोन वर्षांनी गेलो. शेगडी नव्हती. तो पायरीवर नुसता बसला होता, मोतीबिंदू पिकून काचबिंदू झालेला, दोन्ही डोळे कायमचे गेलेले. मी खोकलो.

"गुरुजी ना? मला वाटलं, आजारी पडलात." त्याने सरकून जागा केली. "ते धबधब्याचं परत सांगा ना."